“सगळ्यांना माहीत असतं, मला माहीत नसतं”

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून मे ते जुलै या महिन्यांत समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. सकाळी शाळेला निघायच्या वेळी मुलाच्या पोटात दुखते, डॉक्टरांना तपासणीत काही सापडत नाही, आणि शाळा बुडाली की दहा-साडेदहाच्या सुमारास तेच मूल व्यवस्थित खाऊ-खेळू लागते. अशा वेळी दुखणे खरे मानायचे, की नाटक समजून मुलाला ओढत शाळेत न्यायचे, असे पालक विचारतात. त्याचे उत्तर मला ज्या कुटुंबाबरोबर काम करताना सर्वांत स्पष्टपणे मिळाले, त्यांचा अनुभव त्यांच्या संमतीने येथे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा सात वर्षांचा होता. पुण्यात दुसरीत शिकत असताना वडिलांची बदली झाली आणि जानेवारीत तो लंडनच्या पश्चिमेकडील एका उपनगरातल्या प्राथमिक शाळेत ‘इयर थ्री’च्या वर्गात बसू लागला. पहिले दोन महिने बरे गेले. मार्चपासून अधूनमधून पोट दुखू लागले, आणि ईस्टरच्या सुट्टीनंतर उन्हाळी सत्र सुरू झाल्यावर त्याचे प्रमाण वाढले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेचे पत्र आले. जानेवारीत दाखल झाल्यापासून मुलगा एकूण ११ दिवस गैरहजर असून उपस्थिती ८९ टक्क्यांवर आली आहे, असे त्यात लिहिले होते. तेथे शाळा वर्षाला १९० दिवस भरते, आणि गैरहजेरी १० टक्के किंवा त्याहून अधिक झाली की मुलाची नोंद सतत गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्यांत होते. पत्र वाचून आईवडील इतके घाबरले, की याचा व्हिसावर काही परिणाम होईल का, हा त्यांचा मला पहिला प्रश्न होता. विनापरवानगी गैरहजेरीसाठी दंड आकारला जातो हे खरे. परंतु आजारपणाची रजा शाळेने मान्य केली असेल तर ती त्यात मोडत नाही, आणि व्हिसाचा येथे काही संबंध नाही, हे सांगितल्यावरच आम्ही मुलाविषयी बोलू शकलो.

वडील म्हणाले, “आम्ही अंगात कणकण असली तरी शाळेत जायचो. हा नाटकं करतो, आणि ही त्याचे लाड करते.” आई गप्प होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “ताई, तो कळवळतो हो. नाटक करणारं मूल असं पांढरंफटक पडेल का?”

आईचे निरीक्षण बरोबर होते. भीतीच्या वेळी शरीर पळण्यासाठी सज्ज होते, पचनाचे काम मागे पडते, आतड्यांची हालचाल बदलते आणि पोटात खरोखर कळा येतात. भीतीचे कारण टळले की त्या थांबतात. म्हणूनच दहा वाजता खेळणारे मूल सकाळी आठ वाजता खोटे बोलत होते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. अर्थात, दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा शौचातून रक्त जात असेल, तर समुपदेशकाकडे येण्याआधी डॉक्टरांकडेच जावे. या मुलाची तपासणी झालेली होती आणि तसे कोणतेही लक्षण नव्हते.

मी आईला एकच काम दिले. ज्या ११ दिवशी शाळा बुडली, त्या तारखा लिहून काढायच्या आणि शाळेच्या न्यूजलेटरमध्ये त्या त्या दिवशी काय होते ते पाहायचे. पुढच्या भेटीला ती वही घेऊन आली, तेव्हा आम्ही दोघीही थक्क झालो. अकरापैकी आठ दिवस नेहमीच्या वेळापत्रकाबाहेरचे होते. वर्गाचा फोटो, संग्रहालयाची सहल, असेंब्लीची रंगीत तालीम, खेळांचा सराव, बदली शिक्षिकेचा दिवस असे ते होते. गणित किंवा इंग्रजीच्या साध्या दिवशी त्याचे पोट क्वचितच दुखले होते. शाळेची भीती म्हटल्यावर पालक अभ्यास, शिक्षक किंवा दांडगाई करणारी मुले यांचा शोध घेतात, आणि तो घ्यायलाच हवा. येथे मात्र मुलाला सर्वांत जड जात होते ते आनंदाचे दिवस.

मुलाला मी शाळेचे चित्र काढायला सांगितले. त्याने मैदान काढले, त्यात पुष्कळ रंगीत मुले काढली आणि कडेला एक निळे. ते निळे कोण, असे विचारल्यावर तो बराच वेळ पेन्सिलने मैदानावरचे गवत गिरवत राहिला. मग म्हणाला, “मावशी, आज काय आहे ते सगळ्यांना माहीत असतं, मला माहीत नसतं.”

निळा हा गणवेशाचा रंग होता. जागतिक पुस्तक दिन बहुतेक जग २३ एप्रिलला पाळते, परंतु ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तो मार्चच्या पहिल्या गुरुवारी येतो, आणि त्या दिवशी प्राथमिक शाळेतली मुले पुस्तकांतल्या पात्रांचे वेश करून येतात. आईला एप्रिलची तारीख पक्की माहीत असल्यामुळे न्यूजलेटरमधली ओळ तिने नजरेआड केली, आणि तीस मुलांच्या वर्गात तिचा मुलगा एकटाच गणवेशात गेला. पुढे मे महिन्यात ‘मफ्ती डे’ आला. गणवेशाऐवजी घरचे कपडे घालायचे आणि समर फेअरमधल्या टोम्बोलासाठी, म्हणजे सोडतीच्या स्टॉलसाठी, एक बाटली आणायची, असे पत्रकात होते. सरबत, सॉस, शॅम्पू, वाइन अशी बक्षिसात देता येईल ती सीलबंद बाटली अपेक्षित होती. आईने धुऊन, पाणी भरून, नाव लिहिलेली बाटली दप्तरात ठेवली. टेबलावरच्या बाटल्यांच्या रांगेत आपली बाटली ठेवायला गेलेल्या मुलाला एका मोठ्या मुलीने ती हसून परत दिली. त्याने हे घरी सांगितले नाही. आपण सांगितले तर आईला वाईट वाटेल, हे त्याला कळत होते.

माझ्याकडून हे ऐकताना आई फार रडली. दोष तिचा नव्हता, हे मला आजही ठामपणे म्हणावेसे वाटते. शाळेची पत्रके ज्यांचे बालपण त्याच देशात गेले आहे अशा पालकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली जातात, आणि नव्याने आलेल्या आईला इंग्रजी उत्तम येत असले तरी ‘बाटली’ या शब्दामागची रीत तिला माहीत असण्याचे कारण नसते. शिवाय आपल्याकडे मे महिना सुट्टीचा, आंब्यांचा आणि आजोळचा असतो. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्यावर उघडते. इंग्लंडमध्ये मेअखेरीस आठवडाभराची ‘हाफ टर्म’ ही सत्रामधली सुट्टी मिळते आणि त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत वर्षातला सर्वांत गजबजलेला काळ चालतो. ‘इयर सिक्स’ची मुले मे महिन्यात परीक्षा संपवून निरोपाच्या नाटकाला लागतात, ‘इयर फोर’ला जूनमध्ये पाढ्यांची चाचणी असते, आणि त्यातच सहली, स्पोर्ट्स डे, समर फेअर व नव्या वर्गाची ओळख हे सारे येते. ज्या मुलाची नवी भाषा अजून कच्ची आहे, ते मूल वेळापत्रकाच्या आधाराने दिवस काढते; घंटा झाली की काय करायचे हे त्याला शब्दांवाचून कळते. उन्हाळी सत्रात नेमका हाच आधार सुटतो.

उपाय दोन बाजूंनी करायचा होता. घरी असे ठरले की ताप किंवा उलटी नसेल तर शाळेत जायचेच, उशीर झाला तरी चालेल. घरी राहिल्याने पोटदुखी लगेच थांबते, परंतु त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळची भीती अधिक घट्ट होते. वडिलांनी ‘नाटक’ हा शब्द सोडायचा, आणि आईने सकाळी “पोट दुखतंय का?” असे विचारायचे नाही. झोपेकडेही पाहावे लागले. जूनअखेरीस लंडनमध्ये सूर्य पहाटे पावणेपाचला उगवतो आणि रात्री नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो. उजेडामुळे मुलगा दहापर्यंत जागा राहत होता. जाड पडदे लावल्यावर सकाळची चिडचिड कमी झाली.

शाळेबरोबरची बैठक मला वाटले होते त्याहून सोपी गेली. मुलगा शांत, नेटका आणि काम वेळेवर करणारा असल्यामुळे त्याच्या मनात काही चालले असेल, अशी शंका वर्गशिक्षिकेला आली नव्हती. त्रास न देणाऱ्या मुलांच्या बाबतीत असे फार घडते. तिने दर शुक्रवारी पुढच्या आठवड्याचा एक कागद द्यायचे मान्य केले. कोणता दिवस वेगळा आहे, काय घालायचे, काय आणायचे आणि बरोबर कोण असेल, हे त्यात लहान चित्रांसह असे. तो कागद फ्रिजवर लागला. मायलेक रविवारी तो वाचत, आणि जे समजणार नाही ते आई सोमवारी शाळेच्या फाटकाशी दुसऱ्या एखाद्या आईला विचारी. हे विचारणे तिला मुलाच्या शाळेत जाण्याइतकेच कठीण होते. पाच महिने ती फाटकापाशी फोनमध्ये पाहत उभी राहिली होती.

स्पोर्ट्स डेच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर शिक्षिकेने त्याला रिकामे मैदान दाखवले, धावपट्टी कुठे सुरू होते आणि पालक कुठे बसतील ते सांगितले. शर्यतींच्या यादीत ‘एग अँड स्पून’ होती. ती आपली लिंबू-चमच्याची शर्यत, फक्त लिंबाच्या जागी अंडे, असे वडिलांनी त्याला समजावले आणि संध्याकाळी घराच्या मागच्या अंगणात बटाटा घेऊन सराव घेतला. त्या दिवशी सकाळी पोट दुखले. तो गेला, तीनपैकी दोन शर्यतींत धावला, पोत्याच्या शर्यतीला नको म्हणाला आणि ते कोणी ताणले नाही.

समर फेअरला तो अर्धा तासच थांबला. ध्वनिवर्धकाचा आवाज त्याला सोसला नाही. आई मात्र शेवटपर्यंत होती, कारण पालक-शिक्षक संघाच्या मागणीवरून तिने खाद्यपदार्थांच्या टेबलावर दोन तास काम करायचे कबूल केले होते. वडील मुलाला घेऊन घरी गेले. मुलाने पूर्ण वेळ थांबायला हवे होते, असे त्यांना वाटत होते, आणि आमचे त्यावर पुढच्या भेटीत बोलणेही झाले. आईवडिलांना हवा तेवढा आनंद मुलाने दाखवलाच पाहिजे, असा हट्ट मला मान्य नाही.

जुलैमध्ये मुलांना एक सकाळ पुढच्या वर्गात बसवतात. त्या भेटीआधी त्याने मला विचारले, “नव्या टीचरला माझा कागद माहीत आहे का?” मी त्याला तो प्रश्न स्वतः विचारायला सांगितले, आणि वाक्य आम्ही दोघांनी मिळून इंग्रजीत लिहिले. नव्या शिक्षिकेने होकार दिला, स्वतःचा आणि वर्गाच्या दाराचा फोटो दिला, आणि सहा आठवड्यांची सुट्टी तो फोटो फ्रिजवर राहिला. जूनच्या मध्यापासून सत्र संपेपर्यंत त्याची एकच गैरहजेरी झाली, आणि ती तापामुळे होती.

सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी आईचा निरोप आला. सकाळी पोट दुखले होते. मुलाने सांगितले, “थोडंसंच आहे, चार वर आहे,” कारण दहापैकी किती दुखते हे मोजायची सवय आम्ही लावली होती. तिने डबा दिला, तो गेला, आणि वर्गात पोहोचल्यावर ते थांबले की नाही, हे विचारायचे ती संध्याकाळी विसरून गेली.