ऑपरेशन आधी, राजीनामा नंतर

प्रश्न थोडक्यात असा: पत्नीचं वय 38, दोन वर्षांपूर्वी किडनी प्रत्यारोपण झालं. किडनी उत्तम चालते, पण मानेतल्या, रक्तातलं कॅल्शियम वाढवणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी अजून जोरात, कॅल्शियम 11 च्या वर, म्हणजे जास्त. ते खाली ठेवणाऱ्या सिनाकॅल्सेटच्या गोळ्यांना महिन्याला 5,500 रुपये लागतात. या ग्रंथी काढण्याच्या ऑपरेशनचा अंदाज 1,70,000. तुम्ही गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत आहात आणि दिवाळीनंतर नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप काढणार आहात. एफडी 4 लाखांची. ती मोडावी, की गोळ्या चालू ठेवाव्यात?

नुसता हिशोब मांडला तर ऑपरेशनचा खर्च साधारण 31 महिन्यांत वसूल होतो. वहिनींचं वय पाहता गोळ्या त्यापुढेही कितीतरी वर्षं लागू शकतात. स्पेनमधल्या 2016 च्या एका अभ्यासात अशा 30 रुग्णांची तुलना झाली. वर्षभराने ऑपरेशनवाल्या 15 पैकी 15 जणांचं कॅल्शियम ताळ्यावर होतं, गोळ्यांवरच्या 15 पैकी 10 जणांचं. तिथल्या दरांनी 14 महिन्यांतच ऑपरेशन स्वस्त पडलं.

पण माझ्या मते खरा मुद्दा तुमच्या कंपनीच्या ग्रुप आरोग्य विमा पॉलिसीचा आहे. रोजच्या गोळ्यांचे पैसे अशा पॉलिसीत सहसा मिळत नाहीत, दाखल होऊन केलेल्या ऑपरेशनचे मिळतात. जुन्या आजारालाही बहुतेक ग्रुप पॉलिसी पहिल्या दिवसापासून संरक्षण देतात. एचआरकडून हे लेखी घ्या आणि हॉस्पिटलमधून कॅशलेसची पूर्वमंजुरी मागवा. नोकरी सुटली की हे छत्र जातं, आणि प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीला बाहेर नवीन पॉलिसी मिळवणं फार अवघड. राजीनाम्याआधी त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करा. मंजुरी त्यांच्या हाती आहे, तरी अर्ज करायलाच हवा.

ऑपरेशन करायचं की नाही, हे नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) आणि सर्जन दोघांनी मिळून सांगायला हवं. प्रत्यारोपणानंतर पहिल्या वर्षात या ग्रंथी अनेकदा आपोआप शांत होतात. तुमच्याकडे तो काळ सरला आहे, आणि वाढलेलं कॅल्शियम नव्या किडनीलाही त्रास देऊ शकतं. किडनी देणाऱ्या तुमच्या आईंचाही विचार मनात येतो, म्हणून मी दिरंगाईच्या विरोधात आहे.

ऑपरेशननंतर कॅल्शियम एकदम खाली येऊ शकतं. जास्तीचे मुक्काम, तपासण्या, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी यांसाठी 30,000 वेगळे ठेवा. विम्याने काही कापलंच, तर एफडी न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. दागिने गहाण ठेवायची गरज नाही. वर्कशॉपच्या शेडचं डिपॉझिट मात्र वहिनी घरी येऊन रिपोर्ट स्थिर झाल्यावरच भरा.