लाइनवर कॅमेरे बसवले, तरी कामगार टार्गेटपुरतंच का करतात?

वाळूज एमआयडीसीत तुम्ही सुपरवायझर आहात, म्हणून थेट सांगतो. माणसं कॅमेऱ्यापेक्षा जास्त चिडतात ती त्यातून होणाऱ्या अन्यायावर. चिकलठाण्यात मी एका कारखान्यात होतो. तिथं लाइट गेली, डाय (मशीनचा साचा) बदलायला अर्धा तास लागला, तरी सगळा वेळ ऑपरेटरच्या नावावर 'रिकामा' म्हणून चढायचा. सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं, सिस्टिममध्ये तसंच दिसतंय. दोन महिन्यांत चांगली पोरंसुद्धा आकडा गाठला की हात आखडायला लागली.

जेराल्ड लेव्हेंथाल या मानसशास्त्रज्ञानं 1980 मध्ये न्याय्य पद्धतीच्या अटी मांडल्या. नियम सगळ्यांना सारखा, माहिती अचूक आणि चूक दुरुस्त करून घ्यायची सोय, या त्यातल्या मोठ्या. आमच्याकडे एकही नव्हती. टार्गेट मात्र वाईट नसतं. एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्येच दाखवलं होतं की 'जमेल तेवढं करा' यापेक्षा नेमकं, अवघड ध्येय जास्त काम करून घेतं. पण ते माणसाला पटलेलं हवं.

उद्यापासून रोजचा आकडा आधी ऑपरेटरला दाखवा, 'हे का?' असं त्यालाच विचारा आणि मशीन बंद असल्याचा वेळ वेगळा लिहा.