आजीच्या डबीतले मणी: जुन्या दागिन्यांबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात जुन्या दागिन्यांतून नवं काही घडवण्याबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली बहुतेक पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांची आहेत. म्हणून आज जाळ, डाख, करवत यांतलं काहीच नाही. ओवणं आणि जोडणं, एवढंच.

आजीची बोरमाळ तुटली, तेव्हापासून तिचे ३४ मणी डबीत पडून आहेत. तीन-चार मण्यांना पोचे आलेत. त्यांची माळ मला स्वतः करायची आहे, पण मी आजवर साधा गजराही ओवलेला नाही. सुरुवात कुठून करू? (सातारा)

डबी उघडण्याआधी काठ असलेलं ताट घ्या आणि त्यात जाडसर टॉवेल पसरा. गुळगुळीत टेबलावर मणी ओतले की एखादा कपाटाखाली गेलाच म्हणून समजा. मणी मोजा, वजन करा, फोटो काढा, वहीत लिहून ठेवा.

आता एक मणी उजेडात धरून भोकातून आत बघा. काळपट-तांबूस काही दिसेल. ती लाख. बोरमाळेचा मणी भरीव नसतो. वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाखेचं भरण असतं. म्हणून तो दिसतो मोठा आणि हाताला लागतो हलका, आणि म्हणूनच त्याला पोचाही लवकर येतो. या मण्याचा खरा शत्रू उष्णता. उकळतं पाणी नको, हेअर ड्रायर नको, गॅसजवळ तर नेऊच नका. मी शिकत होते तेव्हा एका मण्याचं भोक बुजलं होतं. घाई झाली आणि मी सुई तापवून आत घातली. लाख फसफसून बाहेर आली आणि पत्रा माझ्या डोळ्यांदेखत आत बसला. आईच्या माळेतला मणी होता तो. अजून माझ्याकडे आहे, तसाच. भोक बुजलं असेल तर बारीक सुई गारच घ्या आणि दोन बोटांत धरून सावकाश फिरवा. भुकटी पडते, वाट होते. पोचे काढायला जाऊ नका. ते मणी मानेकडच्या बाजूला घ्या.

मग हिशोब. एक मणी साधारण ८ मिलिमीटरचा धरला तर ३४ मण्यांची लांबी होते २७ सेंटिमीटर. गळ्यालगतच्या माळेला ४० तरी लागतात. दोन मण्यांमध्ये ४ मिलिमीटरचा एकेक मोती किंवा पोवळं घाला: ३३ गुणिले ४, म्हणजे आणखी १३ सेंटिमीटर. झाली माळ. मागे रेशमी गोंडा लावला की लांबी कमी-जास्त करता येते. मध्ये लहान मणी घालण्याचं दुसरंही कारण आहे. पत्र्याच्या मण्यांच्या भोकांची कड धारदार असते. दोन कडा एकमेकींना घासल्या की मधला धागा कापला जातो. तुमच्या आजीची माळही बहुधा अशीच तुटली असेल.

धागा पीळदार नायलॉनचा घ्या आणि दुहेरी ओवा. ओवण्याआधी धाग्याला किल्ल्यांचा जुडगा बांधून रात्रभर खिळ्याला टांगून ठेवा. जेवढा ताणायचा तेवढा तो तिथेच ताणला जातो आणि पुढे माळ सैल पडत नाही. पहिली माळ मात्र तेवढ्याच आकाराच्या काचमण्यांची करा, पूर्ण, गोंड्यासकट. ती चार-आठ दिवस घालून वावरा. टिकली तर आजीचे मणी ओवायला घ्या.

शेवटची गाठ जमत नसेल तर पटवेकऱ्याकडे जा. कोल्हापूरच्या गुजरीत, पुण्याच्या रविवार पेठेत, बहुतेक गावांत सराफ कट्ट्याच्या आसपास दागिने गाठवून देणारे अजून बसतात. त्यांच्यासमोर अर्धा तास उभं राहून नुसतं बघा. पायाच्या अंगठ्याला धागा अडकवून ताण धरायची त्यांची रीत कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवते. आपले जुने दागिने असे गाठवलेलेच असायचे. दोरा झिजणार, तो बदलायचा आणि सोनं पुढच्या पिढीकडे जाणार, हे त्यात गृहीतच होतं. तुम्ही करताय ते आजीच्या माळेचं नेहमीचंच काम आहे, त्यामुळे बिचकू नका.

ऑनलाइन शंभर वस्तूंचा ज्वेलरी किट मिळतो. घेऊ का? (छत्रपती संभाजीनगर)

नको. गोल तोंडाची एक पक्कड, आतून दाते नसलेल्या दोन चपट्या पकडी, तार कापायचा कटर, बारीक सुया, फूटपट्टी. बस. दाते असलेली घरातली पक्कड सोन्या-चांदीवर कायमचे ओरखडे उठवते.

या हत्यारांनी पहिल्यांदा एकच गोष्ट शिका: कडी उघडणं. कडीची दोन टोकं बाहेर ओढून फाकवली की गोलाई जाते आणि ती पुन्हा नीट मिटत नाही. दोन्ही बाजूंनी चपटी पक्कड लावा आणि एक टोक आपल्याकडे, दुसरं समोर, अशी पिळून उघडा. मिटतानाही तसंच. टोकं भिडताना बारीकसा ‘टक्’ आवाज आला आणि बोट फिरवल्यावर फट लागली नाही, की कडी बसली. पितळेच्या पन्नास कड्या आणून हे पन्नास वेळा करा.

तन्मणीचे मोती पिवळे पडलेत. लिंबू किंवा टूथपेस्टने उजळतील का? आणि मोठ्या तन्मणीतून रोज घालता येईल असा एक सर करायचा आहे. (ठाणे)

लिंबू अजिबात नको, व्हिनेगरही नको. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. आंबट लागलं की त्याचा वरचा थर विरघळतो, मोत्याचं पाणी जातं आणि ते परत येत नाही. टूथपेस्टमधली भुकटी मोत्याला खरवडते. मलमलीचा तुकडा साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि एकेक मोती पुसा. धूळ, घाम, तेल निघेल. वयाचा पिवळेपणा राहील आणि मला तो शोभतो असंच वाटतं.

मोती खरे आहेत का, हे बघायचं असेल तर एक मोती दाताच्या कडेवर हलकेच घासा. खरा किंचित खरखरतो, नकली सुळकन घसरतो. भोकही भिंगातून बघा. नकली मोत्याचा मुलामा तिथे सोलपटलेला दिसतो.

सरासाठी रेशमी धागा घ्या, माळेच्या लांबीच्या किमान चौपट. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारायची. म्हणजे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि धागा तुटला तरी एखादाच मोती सुटतो. गाठ मोत्याला चिकटून बसवायची युक्ती अशी: सैल गाठ घाला, तिच्या फासात सुईचं टोक घाला, सुईने गाठ सरकवत मोत्याशी न्या आणि तिथे धरून ठेवत धागा ओढा; मग सुई काढून घ्या. पहिल्या दहा गाठी वेड्यावाकड्या येतील. अकरावीपासून हात बसतो.

तन्मणीचं खोड, म्हणजे मधलं खड्यांचं पदक, मात्र पाण्यापासून लांब ठेवा. जुन्या खोडांत खड्यांमागे बऱ्याचदा चमकदार पन्नी असते. आत ओल गेली की पन्नी काळी पडते आणि खडा मेल्यासारखा दिसतो. उरलेले सर आणि खोड एकाच पिशवीत जपून ठेवा. कुणाला पुन्हा सबंध तन्मणी हवीशी वाटली तर जोडता यायला हवी.

गावाकडच्या घरात राणीछाप आणि राजाछाप चांदीचे रुपये सापडलेत. त्यांना भोकं पाडून हार करायचा आहे. भाऊ पुढच्या महिन्यात इकडे येणार आहे, त्याच्याबरोबर मागवू का? (न्यू जर्सी)

दोन्हींना थांबा म्हणेन. आधी साल बघा. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. व्हिक्टोरिया राणीचे सगळे रुपये त्यात आले, सातव्या एडवर्डचेही. भावाला विमानतळावर अडचणीत आणू नका. तुम्ही भारतात आलात की हार करा आणि इथेच घाला.

भोक तर पाडूच नका. एकदा भोक पडलं की नाणं म्हणून त्याची किंमत कोसळते, आणि बुजवलं तरी खूण राहते. सोनाराकडून चांदीची गोल चौकट करून घ्या, वर कडी असलेली. नाणं आत अडकतं आणि हवं तेव्हा अख्खं बाहेर येतं. या रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. सात रुपयांचा हार म्हणजे चौकटी सोडूनच ८१ ग्रॅमच्या वर. मानेला जाणवतं. पहिल्यांदा एका रुपयाचं पदक करून बघा. चांदीचंही सांगते: जुन्या रुपयात जवळपास ९२ टक्के चांदी असे, १९४० पासून ती निम्म्यावर आली. म्हणून एका हारात दोन्ही रुपये घातले तर रंगात फरक दिसतो.

माझं नाक टोचलेलं नाही. आईच्या नथीचं पेंडंट होईल का? (डोंबिवली)

होईल, तार न कापता. नथीचे मोती सोन्याच्या तारेवर बांधलेले असतात. एक पीळ सोडला की सगळी नथ सुटते. कमानीत नुसती एक कडी अडकवायची आणि कडीत साखळी. मोत्यांचा घोस एका अंगाला असल्यामुळे नथ तिरकी लोंबते. म्हणून आधी शिवणाचा काळा दोरा वेगवेगळ्या जागी बांधून आरशात बघा. जिथे ती तुम्हाला छान वाटेल तिथे कडी.

जोडीतलं एकच पैंजण उरलंय, तेही काळं. (नागपूर)

काळेपणा म्हणजे चांदीवर गंधकाचा थर. भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, त्यावर पैंजण, वरून चमचाभर खायचा सोडा आणि गरम पाणी. पाच-दहा मिनिटांत उतरतो. नक्षीत मुद्दाम भरलेला काळा रंग किंवा मीनाकारी असेल तर हा उपाय करू नका, नुसतं मऊ फडक्याने पुसा. १० इंचांच्या पैंजणातून ७ इंचांचं ब्रेसलेट निघतं. तोडायची जागा दोन कड्यांच्या जोडावर निवडा, कडीच सोडवा, काही कापू नका. उरलेल्या ३ इंचांचे घुंगरू कानातल्यांना.

सासूबाईंचा कोल्हापुरी साज आहे. सराफ म्हणतात, मोड घालून दोन्ही मुलींना नवे नाजूक हार करा. जीव होत नाही. काय करू? (सांगली)

जीव होत नाही ते बरोबरच आहे. हिशोबही त्याच बाजूने आहे. साजाच्या पानांत लाख असते, म्हणजे तराजूवर दिसतं ते सगळं सोनं नव्हे. आटवल्यावर लाख जाते, घट कापली जाते आणि नव्या हारांची घडणावळ वेगळी पडते. हातात किती उरेल ते लेखी मागा. हॉलमार्क सक्तीचा झाला जून २०२१ पासून. तुमच्या साजावर तो बहुधा नसेल. हॉलमार्किंग केंद्रात क्ष-किरण यंत्रावर न तोडता कस बघता येतो. तो बघून घ्या, निर्णय काहीही होवो.

आता साज नीट बघा. परंपरेने त्याला २१ पानं: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि मध्ये डोरलं. तुमच्याकडे कमीही असतील. प्रत्येक पानाला ओवण्यासाठी स्वतःची जागा आहे आणि मध्ये जाळीचे मणी. म्हणजे हा दागिना वाटून घेता येतो. एकीला मासा, कासव आणि दोन-चार पानं काळ्या मण्यांत. दुसरीला कमळ, शंख आणि उरलेली पानं नाजूक साखळीत. एकाही पानाला जाळ लागणार नाही, आणि लग्नकार्याला सगळी पानं परत एका दोऱ्यात आणता येतील.

डोरलं एकच आहे. ते कुणाकडे, हे तुम्ही तिघींनी बसून ठरवा. ठरेपर्यंत पानं सासूबाईंच्याच डबीत राहू द्या.