अमेरिकेच्या प्रायमरीत जास्त मतं मिळूनही उमेदवार मागे कसा पडतो?

तुम्ही विचारलंय की २०२० ला आयोवा राज्यात, राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडताना, सँडर्सला मतं जास्त आणि डेलिगेट (पक्षाचे प्रतिनिधी) मात्र बुटिजेजला जास्त, असं कसं, आणि ही प्रायमरी म्हणजे नक्की काय भानगड आहे. मी तेव्हा आयोवातच, डे मॉइन शहरात राहत होतो. नागरिक नसल्याने मत नाही, पण ऑफिसमधल्या एक बाई म्हणाल्या बघायला तरी चल, म्हणून गेलो.

आधी साधी गोष्ट. आपल्याकडे तिकीट वरून येतं, एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो यासाठी शेवटच्या दिवसापर्यंत लोक ताटकळत बसतात. तिकडे ते तिकीट कोणाला द्यायचं हे पक्षाला मानणारे मतदार ठरवतात, एकेक राज्य करत, वर्षाच्या सुरुवातीपासून जूनपर्यंत. पण सगळ्या देशाच्या मतांची बेरीज कोणी करत नाही. मतांवरून डेलिगेट वाटले जातात आणि उन्हाळ्यात अधिवेशनात हे डेलिगेट उमेदवार निवडतात. २०२० ला डेमोक्रॅट्सचे असे ३,९७९ होते, त्यातले १,९९१ हवे होते.

बहुतेक राज्यांत पेटीत मत टाकतात, ती प्रायमरी. आयोवात कॉकस. म्हणजे ३ फेब्रुवारीला संध्याकाळी सातला आम्ही शाळेच्या जिममध्ये, बाहेर मरणाची थंडी, आणि आत लोक आपापल्या उमेदवाराच्या नावाखाली जाऊन चक्क उभे राहिले आणि मग डोकी मोजली. आमच्या तिथे २१२ लोक होते, पंधरा टक्के म्हणजे ३२ माणसं नसतील तर तो गट बाद. आमच्या बाई बायडनच्या कोपऱ्यात, तिथे बहुतेक वयस्कर मंडळी, काहीजण खुर्च्या घेऊन बसलेले, मोजले तर २४. झालं, बाद. मग जो काय गोंधळ सुरू झाला तो बघण्यासारखा, क्लोबुचार म्हणून आणखी एक उमेदवार होत्या, त्यांच्या लोकांना तीनच माणसं कमी पडत होती तर ते कुकीजचा डबा घेऊनच आले, आमच्याकडे या म्हणून. आपण ज्याला घोडेबाजार म्हणतो तो इथे सगळ्यांसमोर चाललेला, आणि फुकटात! बाई शेवटी क्लोबुचारकडे गेल्या. आमच्या जिममधून बायडनला शून्य.

आता तुमचा प्रश्न. प्रत्येक बूथला किती डेलिगेट हे आधीच ठरलेलं असतं, मागच्या निवडणुकांमध्ये पक्षाला किती मतं होती त्यावरून. त्यामुळे कॉलेजच्या गावात सँडर्ससाठी दुप्पट पोरं जमली तरी त्या बूथचा वाटा काही वाढत नाही, उलट बुटिजेजला खेडोपाडी थोडी थोडी माणसं मिळाली आणि तिथे हिशोब जुळला. राष्ट्रीय डेलिगेट शेवटी बुटिजेज १४, सँडर्स १२. त्या रात्री तर काहीच कळलं नाही म्हणा, आकडे पाठवायचं ॲप बोंबललं, फोन लागेनात, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर थोडे थोडे आकडे यायला लागले.

रिपब्लिकनांचं आणखी वेगळं, त्यांच्याकडे काही राज्यांत पहिला येईल तो सगळं घेऊन जातो. २०१६ ला फ्लोरिडात ट्रम्पला निम्मी मतंसुद्धा नव्हती पण ९९ च्या ९९ डेलिगेट त्यांनाच, आणि त्यांचे पक्षातले प्रतिस्पर्धी रुबिओ स्वतःच्याच राज्यात हरून त्याच रात्री शर्यतीबाहेर.

म्हणून मी टक्केवारी बघतच नाही, डेलिगेट आणि तारखा बघतो. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरला पाचवे, सगळे म्हणाले संपले. मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना दणक्यात निवडून दिलं, लगेच दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुचार दोघंही बाहेर पडून त्यांच्यामागे उभे राहिले, आणि ३ मार्चला चौदा राज्यं एकदम, म्हणजे तिसरा हिस्सा डेलिगेट एका दिवसात. आमच्या जिममध्ये शून्य मिळालेला माणूस पुढच्या जानेवारीत व्हाइट हाउसमध्ये गेला, बाईंना मी अजून चिडवतो की तुम्ही अर्ध्या तासात साथ सोडलीत.

तो उभं राहायचा प्रकार तुम्हाला आता बघायला मिळणार नाही बहुतेक. २०२४ ला आयोवाच्या डेमोक्रॅट्सनी पसंती टपालाने मागवली आणि निकाल थेट मार्चमध्ये लावला.