नवऱ्याचा रिपोर्ट कुठाय?

मागच्या अंकात मूल न राहणं आणि आयव्हीएफ (अंडं आणि शुक्राणू शरीराबाहेर डिशमध्ये एकत्र करून झालेला इवला गर्भ, म्हणजे एम्ब्रियो, गर्भपिशवीत सोडणं) यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रांचा ढीगच आला. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, एम्ब्रियोलॉजिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या शेजारी मंद दिव्याच्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळे लावून बसणारी बाई. गोळी कुठली घ्यायची ते तुमचे डॉक्टर सांगतील, मी डिशमध्ये काय दिसतं तेवढं सांगू शकते. नावं गाळलीत, पत्रं थोडी छाटलीत.

कोपरगावहून, वय २९: लग्नाला चार वर्षं झाली. माझी सोनोग्राफी, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, नळ्यांचा एक्सरे सगळं नॉर्मल आहे. दोनदा दुर्बीण पण झाली. मिस्टर तपासणीला तयार नाहीत, म्हणतात मी रोज जिमला जातो, मला काय धाड भरलीय. सासूबाई आता देवऋषाकडे न्यायचं म्हणतायत. काय करू?

ताई, तुमची दोनदा दुर्बीण आणि त्यांची एकदाही तपासणी नाही, हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. तुमच्या पोटाला भोकं पाडायच्या आधी त्यांच्या हातात एक डबी द्यायला हवी होती. वीर्य तपासणी काहीशे रुपयांत होते, सुई नाही, भूल नाही. मूल न राहणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडे काहीतरी असतंच, कधी एकटं तेच कारण, कधी बायकोच्या कारणासोबत.

तपासणी नीट झाली पाहिजे हेही तेवढंच. आधी २ ते ७ दिवस अंतर ठेवायचं, सगळा नमुना डबीत गेला पाहिजे आणि पहिला भाग सांडला असेल तर लाजू नका, सांगा, कारण शुक्राणू त्यातच जास्त असतात. घरून आणायचं असेल तर तासाभरात, खिशात अंगाजवळ धरून. एका भल्या माणसाने आईसपॅकमध्ये गुंडाळून आणलं होतं, श्रीखंड आणल्यासारखं, त्याचा रिपोर्ट काय आला असेल ते सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात खालची रेघ आहे मिलीलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, हलणारे ४२ टक्के आणि चांगल्या आकाराचे ४ टक्के. तो ४ टक्क्यांचा आकडा बघून बरेच नवरे पांढरे पडतात पण ती रेघच तिथे आहे. आणि एक रिपोर्ट खराब आला म्हणून रडू नका, शुक्राणू तयार व्हायला सव्वादोन-अडीच महिने लागतात, मधे डेंग्यूसारखा ताप येऊन गेला असेल तर तो आज दिसतो, म्हणून तीनेक महिन्यांनी परत करायचं.

आता ते जिम. नुसता व्यायाम असेल तर चांगलंच आहे, पण बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची किंवा तसली इंजेक्शनं चालू आहेत का हे स्पष्ट विचारा. बाहेरून हार्मोन आला की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, तो खाली ऑर्डर देणं बंद करतो आणि शुक्राणू कमी होत होत शून्यावरसुद्धा जातात. दंड असे फुगलेले आणि स्लाइडवर एकही शुक्राणू नाही असे पंचविशी-तिशीतले पोरगे मी दर महिन्याला बघते. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात पण कित्येक महिने जातात, काहींना वर्ष-दीड वर्ष. गुटखा, सिगरेट, रोजची दारू, भट्टीसमोरचं काम, अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, हे सगळं नंतर डॉक्टर बघतील, त्यासाठी माणूस आधी दवाखान्यात यायला पाहिजे. तुमच्या डॉक्टरांनाच सांगा की दोघांचे रिपोर्ट आल्याशिवाय पुढची ट्रीटमेंट नाही असं त्यांनी तोंडावर म्हणावं, बायकोचं न ऐकणारे डॉक्टरचं ऐकतात. आणि सासूबाईंना म्हणावं आधी डबी, मग देवऋषी.

पुण्याहून, वय ३८, आयटीत नोकरी: एएमएच ०.८ आलंय. एका सेंटरने ७० टक्के सक्सेस सांगितला, दुसऱ्याने २० टक्के. मैत्रीण म्हणते तिचं ०.६ होतं तरी तिला आपोआप दिवस गेले. नक्की खरं कोण बोलतंय?

तिघंही खरं बोलत असतील, हीच तर पंचाईत आहे.

एएमएच हा रक्तात मोजायचा हार्मोन, म्हणजे डब्यात शेंगा, तुमच्यात अंडी, किती उरल्यात याचा अंदाज, आतले दाणे खवट आहेत की गोड ते त्यावरून कळत नाही. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्याकडे १० ते २० लाख अंडी असतात, वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात आणि आयुष्यभरात पाळीसोबत फार तर ४००-५०० सुटतात, बाकीची आपली आपण विरून जातात, गोळ्या खाल्ल्या न खाल्ल्या, लग्न झालं न झालं तरी. आणि दाणा कसा आहे हे ठरतं मुख्यतः वयावर, कारण तुमचं अंडं तुमच्या जन्माच्याही आधीपासून अर्धवट विभागलेल्या अवस्थेत थांबलेलं असतं, ३८ वर्षं वाट बघून गुणसूत्रांना धरून ठेवणारा दोरा जुना होतो आणि मग त्यांची वाटणी चुकते. तुमच्या मैत्रिणीला आपोआप राहिलं यात काही चमत्कार नाही, महिन्याला एकच अंडं लागतं. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, आधी वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, त्यात एएमएच कमी असलेल्यांना दिवस जायचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कमी निघालं नाही. तेव्हा ०.८ म्हणजे संपलं असं अजिबात नाही.

मग आयव्हीएफवाले त्या आकड्याला एवढं का धरून बसतात? कारण आमचं गणित गळतीचं आहे. समजा १२ अंडी आली, त्यातली ९-१० पक्व निघतात, त्यातली ७ च्या आसपास फलित होतात आणि पाचव्या दिवशी सकाळी मी इन्क्युबेटर उघडते तेव्हा ब्लास्टोसिस्ट (पाचव्या दिवसापर्यंत नीट वाढलेला एम्ब्रियो) झालेले ३ असतात, कधी ४, कधी एकही नाही. आणि ३८ व्या वर्षी त्या ब्लास्टोसिस्टमधलेही साधारण निम्मे गुणसूत्रांनी बिघडलेले असतात, दिसायला कितीही देखणे असले तरी (देखणा एम्ब्रियो लागला नाही आणि आम्ही ज्याला काठावर पास केलं त्याचा आज पहिलीत नंबर येतोय, असं बघितलंय). ०.८ असताना सुरुवातच ४-५ अंड्यांपासून होते, त्यामुळे गळतीला पुरेल एवढा साठा एका सायकलमध्ये, म्हणजे आयव्हीएफच्या एका खेपेत, मिळेलच असं नाही. तुम्हाला एकापेक्षा जास्त सायकल लागू शकतात, पैसे आणि रजा दोन्ही त्या हिशोबाने धरा.

आता ७० टक्के. कशाचे? रक्तात बीटा एचसीजी (दिवस गेल्याचा हार्मोन) पॉझिटिव्ह आलं त्याला सक्सेस म्हणायचं, की सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले त्याला, की बाळ घरी गेलं त्याला? प्रत्येक पायरीला आकडा घसरतो. आणि भागिले काय? ट्रान्सफरपर्यंत, म्हणजे एम्ब्रियो पिशवीत सोडण्यापर्यंत, पोचलेल्या बायका मोजल्या तर ज्यांच्याकडे एम्ब्रियोच झाला नाही त्या हिशोबातून गायब, त्यात २५ वर्षांच्या डोनरची अंडी वापरलेल्या केसेस मिसळल्या की ७० सहज होतात. ब्रिटनमध्ये सरकारी नियामक हे आकडे जाहीर करतो, तिकडे ३५ च्या आतल्या बायकांना एका एम्ब्रियोमागे बाळ होण्याची शक्यता साधारण तिनात एक आहे आणि ४३-४४ व्या वर्षी स्वतःच्या अंड्यांनी विसात एक, आणि तिकडच्या लॅब काही आपल्यापेक्षा वाईट नाहीत. तुम्ही दोन्ही सेंटरला एकच प्रश्न विचारा, ३८ वर्षांच्या, स्वतःच्या अंड्यांनी सुरू केलेल्या १०० सायकलमागे किती बाळं घरी गेली? जो उत्तर द्यायला वेळ मागेल, वही उघडेल, तो बरा. लगेच आकडा फेकणाऱ्यापासून जरा जपून.

अजून एक, ॲड-ऑनची, म्हणजे वरच्या जादा उपचारांची, यादी पुढे आली की थांबा. गर्भपिशवीचं स्क्रॅचिंग केलं की एम्ब्रियो रुजतो असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, २०१९ मध्ये तेराशेवर बायकांचा मोठा अभ्यास आला त्यात काही फायदा दिसला नाही, तरी बिलात ते अजून दिसतं. नवऱ्याचा रिपोर्ट चांगला असेल तर इक्सीनेही (एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडणं) बाळाची शक्यता वाढते असं नाही. आणि सहा महिने अमुक पावडर घेऊन एएमएच वाढवू मग बघू, असं कुणी म्हणालं तर ते सहा महिने तुमच्या वयातून जाणार आहेत त्यांच्या नाही. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून राहिलं नाही की तपासणीला जायचं, वर्ष थांबायचं ते पस्तिशीच्या आत.

कायद्याने किती वयापर्यंत चालतं, हेही विचारलंय तुम्ही शेवटी. २०२१ च्या एआरटी कायद्यात (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) बाईसाठी वरची मर्यादा ५० आहे, पुरुषासाठी ५५. पण ५० ही कायद्याची रेघ आहे, अंड्याची नाही, पंचेचाळिशीनंतर ज्यांना आयव्हीएफने बाळ होतं त्यांच्यात बहुतेक ठिकाणी डोनरचं अंडं असतं. आपल्याकडे डोनर २३ ते ३५ वयाची लागते आणि ती आयुष्यात एकदाच देऊ शकते. बातमीत सेलिब्रिटीचं वय छापतात, अंडं कुणाचं ते नाही छापत.

कराडहून, एक आई: लेकीचं ट्रान्सफर झालंय. पंधरा दिवस पलंगावरून उठू देत नाही, जिना बंद, पपई बंद. केईएममध्ये ८६ साली पहिली टेस्ट ट्यूब बेबी झाली त्याचं कात्रण मी जपून ठेवलं होतं, तेव्हा वाटलं नव्हतं आपल्या घरात हे येईल. अजून काय काळजी घेऊ?

काकू, तिला उठू द्या. गर्भपिशवी काही रिकामी पिशवी नाही, तिच्या आतल्या भिंती घडीच्या पोळीच्या पदरांसारख्या एकमेकींना चिकटून असतात, त्यात एम्ब्रियो खसखशीच्या दाण्याहून लहान, पोळी उभी धरली म्हणून तो पडत नाही. झोपून राहिल्याने फायदा होत नाही हे अभ्यासात बघून झालंय. जिना चालेल, ऑफिस चालेल, पिकलेली पपई चालेल. चालणार नाही ते म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा डोस चुकवणं, आणि आठव्या दिवशी घरच्या पट्टीवर एकच रेघ आली म्हणून औषध बंद करून टाकणं.

कात्रणाचं वाचून छान वाटलं. ६ ऑगस्ट १९८६, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच संशोधन संस्थेतले टी. सी. आनंद कुमार. पण काकू त्याच्याही आधी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, इंग्लंडची लुईस ब्राऊन, हिच्यानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या हातून दुर्गा जन्मली होती. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, १९८१ ला त्यांनी जीव दिला. पुढे त्यांच्या टिपणवह्या वाचून पहिला मान मुखोपाध्यायांचाच असं जाहीरपणे लिहिलं ते याच आनंद कुमारांनी, स्वतःचा नंबर दुसरा होतोय हे माहीत असताना. मला याचं फार वाटतं.

नाव-गाव नाही: दोन मुली आहेत. आयव्हीएफने मुलगाच होईल असं करता येतं का, खर्चाचं काही नाही.

नाही. गुन्हा आहे. पुढचं पत्र.

लातूरहून, वय ३३: दोन आयव्हीएफ फेल गेलेत, एम्ब्रियो चांगले होते म्हणतात. डावी नळी पाण्याने फुगलीय. कॉलेजात असताना टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला.

तिसऱ्यांदा ट्रान्सफर करायच्या आधी त्या नळीचं बघा. तिच्यातलं पाणी झिरपून पिशवीत येतं आणि रुजायच्या वेळी नेमकं नडतं, अशी नळी असली की यशाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. दुर्बिणीने ती काढली किंवा पिशवीकडून बंद केली की फरक पडतो, हे पक्कं आहे. नळी जाणार म्हणून जीव हळहळतो माहितीय, पण आयव्हीएफला नळी लागतच नाही. टीबीचं डॉक्टरांना सांगितलंय ना? आपल्याकडे बंद नळ्यांमागे तो बऱ्याचदा असतो, फुप्फुसातला बरा झाला तरी नळ्यांचं आणि गर्भपिशवीच्या अस्तराचं झालेलं नुकसान राहतं. दुर्बीण होणारच आहे तर त्याच वेळी अस्तर बघून तुकडा तपासायला पाठवता येईल का विचारा, वेगळी भूल नको.

पेडण्याहून, वय ३४, मर्चंट नेव्ही, इंजिन रूम: सहा महिने बोटीवर, दोन-अडीच महिने घरी. लग्नाला तीन वर्षं झाली. मिसेस ३० वर्षांची. कारण सापडत नाही म्हणून डॉक्टर आयव्हीएफ करा म्हणतात.

दादा, तीन वर्षं लग्नाची झाली, संसाराची मोजा. तुमच्याच हिशोबाने एकत्र महिने भरतात नऊ-दहा, त्यातही वहिनी माहेरी, तुम्ही बँकेच्या कामात, असे गेलेले सोडा. तिशीत सगळं नीट असताना एका महिन्यात राहायची शक्यता फार तर चार-पाचात एक असते. वर्षभर एकत्र राहून प्रयत्न केल्यावर न राहणं याला वंध्यत्व म्हणतात, ते वर्ष तुमचं अजून भरलेलंच नाही.

अंडं सुटल्यावर १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू आत पाचेक दिवस जगतात, म्हणजे महिन्यातले कामाचे दिवस सहाच, अंडं सुटायच्या दिवसापर्यंतचे. तुम्ही यायच्या आधीचे दोन महिने वहिनींनी मेडिकलमधलं ओव्हुलेशन किट वापरून आपला दिवस ओळखून ठेवावा, आणि तुम्ही आल्यावर पाळी संपली की दिवसाआड, एवढंच, कॅलेंडर भिंतीवर लावून फौजदारी करू नका. तुमची तपासणी मात्र बोटीवरून उतरल्या उतरल्या नको, इंजिन रूमच्या उष्णतेत गेलेल्या महिन्यांचा माल तेव्हा बाहेर येतो. दोन महिन्यांनी, जायच्या आधी करा. त्याच वेळी दोन-तीन नमुने गोठवून ठेवता येतात, तुम्ही समुद्रात असताना आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भपिशवीत सोडणं) करता येतं, दोघांच्या लेखी संमत्या मात्र निघायच्या आधीच सह्या करून ठेवा, व्हॉट्सॲपवरचं हो चालत नाही. आणि पेडण्याचे आहात म्हणून, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ पासून आययूआय, आयव्हीएफ मोफत सुरू झालंय, या सुट्टीत दोघं मिळून तिथल्या ओपीडीला एक चक्कर टाका, तिचे जुने रिपोर्ट आणि तुमचं पुढच्या जॉइनिंगचं पत्र दोन्ही बरोबर न्या म्हणजे त्यांना तारखा बसवता येतील.