आमच्या शाळेत एका वर्गाच्या वाट्याला किती वेळ येतो?

तुमचा प्रश्न असा आहे की भारतासारख्या विकसनशील देशात आता गावोगावी शाळा आहे, पुस्तकं मोफत आहेत, दुपारचं जेवण आहे, तरी मुलं मागे का राहतात? नेमकं अडतं कुठे?

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत सतरा वर्षांपासून शिकवते. पहिली ते चौथी, यंदाचा पट 23. माझं उत्तर एका शब्दाचं आहे: वेळ. मुलाशेजारी बसून शिकवायला मिळणारा वेळ.

हिशेब करून दाखवते. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन धरलेलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास. याच कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. कागदावर हे प्रमाण उत्तम दिसतं, पण मुलं कमी असली तरी वर्ग चारच राहतात. एका शिक्षकाकडे दोन वर्ग, म्हणून एका वर्गाला दोन तास. आता माझ्या जोडीची जागा मागच्या वर्षी अकरा महिने रिकामी होती. तेव्हा चारही वर्ग माझ्याकडे आणि प्रत्येक वर्गाला एक तास. तिसरीला मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास असे चार विषय. एका विषयाला पंधरा मिनिटं. त्यात पहिलीची लेकरं एकटी बसत नाहीत. कुणाचं नाक पुसायचं असतं, कुणाची पेन्सिल हरवलेली असते, कुणी रडत आईकडे जातो म्हणतं. ही पंधरा मिनिटंसुद्धा माझ्या हाती पूर्ण येत नव्हती.

त्यावर बाकीची कामं. कायद्याच्या कलम 27 मध्ये स्पष्ट लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. पण निवडणूक म्हणजे फक्त मतदानाचा दिवस नव्हे. मतदार यादीचं काम वर्षभर पुरतं. शिवाय पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जुळत नसलेल्या मुलांची यादी, आणि ग्रुपवर सकाळी अकराला येणारी ‘आज दुपारी दोनपर्यंत भरावे’ अशी लिंक. गावात रेंज शाळेच्या ओट्यावर मिळत नाही, मारुतीच्या पाराजवळ मिळते. मी पाराजवळ उभी असते तेव्हा वर्गात कोणी नसतं. याची खंत मला रोज वाटते.

पोषण आहाराविरुद्ध मी बोलत नाही, हे आधीच सांगते. आमच्या काही लेकरांचं दिवसातलं पहिलं पोटभर जेवण तेच असतं. सकाळी उपाशी आलेलं मूल दुपारच्या जेवणानंतर वेगळंच दिसतं, डोळे वर करून बघतं. ते जेवण हवंच. त्याचे कागद सांभाळायला मात्र दुसरं माणूस हवं.

आता आमच्या भागाचं खरं दुखणं. इकडे वावरात सीतादही, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाची पूजा, झाली की वर्ग रिकामा व्हायला लागतो. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो आणि वेचणी जानेवारीपर्यंत चालते. मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे दहा वर्षांच्या पोराने वेचलेला पाच-सात किलो कापूससुद्धा घराला हिशेबात धरावा लागतो. जी मुलं वेचायला जात नाहीत, ती धाकट्या भावंडाला सांभाळतात. त्यातही मुलीच जास्त. चौथीतल्या एका मुलीच्या आईला मी विचारायला गेले तर ती म्हणाली, “मॅडम, लहान्याले कोन पाह्यन? मी येचाले गेली नाही त घरात मीठ-मिर्ची कुठून येईन?” तिला मी काय उत्तर देणार होते? शिक्षणाचं महत्त्व तिला माझ्याइतकंच कळतं. तिने मोठ्या मुलीला दहावीपर्यंत शिकवलंय.

मग आमच्या अंगणवाडीच्या ताई स्वतःहून म्हणाल्या की वेचणीच्या दिवसांत त्या धाकट्यांना शाळा सुटेपर्यंत ठेवून घेतील. तेवढ्याने तीन मुली परत वर्गात आल्या. माझी सतरा वर्षांतली अनेक प्रशिक्षणं एकीकडे आणि ही एक गोष्ट एकीकडे, असं मला मनापासून वाटतं. पण हे एका बाईच्या चांगुलपणावर चाललंय. उद्या तिला जमलं नाही तर?

हजेरीपटावर हे काही दिसत नाही. नोव्हेंबरात पट 23 आणि वर्गात नऊ अशी स्थिती असते, आणि पाठ्यपुस्तक मात्र 23 मुलं रोज हजर आहेत असं धरून पुढे सरकतं. जानेवारीत मूल परत येतं तेव्हा वर्ग भागाकारावर असतो आणि त्याची हातच्याची वजाबाकी राहिलेली असते. हा खड्डा पुन्हा कधी भरला जात नाही. पाचवीत जाताना तो तसाच सोबत जातो.

भाषेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बाहेरच्यांना हे माहीत नसतं. माझी सात मुलं कोलाम आदिवासींच्या पोडावरून येतात. पोड म्हणजे कोलाम वस्ती, आमच्याकडे गावापासून जरा दूर, नाल्यापलीकडे. घरी ती कोलामी बोलतात. ही द्रविड कुळातली भाषा, मराठीपेक्षा तेलुगूला जवळची. पाण्याला ‘ईर’ म्हणतात. पहिलीच्या पुस्तकात नळाचं चित्र आणि खाली ‘पाणी’. बाकीची मुलं चित्र पाहून शब्द ओळखतात आणि मग अक्षर शिकतात. कोलाम मुलाला आधी शब्द शिकायचा असतो, मग अक्षर, आणि त्याला वेळ तेवढाच. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की ही मुलं लाजाळू आहेत, बोलतच नाहीत. पोडावर गेले तर तीच मुलं आभाळ डोक्यावर घेत होती. चूक माझी होती. नंतर पोडावरच्या एका आजीजवळ बसून मी दीडशेक शब्द वहीत उतरवून घेतले. आता पहिलीचे पहिले दोन महिने मी ती वही समोर ठेवूनच शिकवते. मेळघाटात कोरकूची आणि गडचिरोलीत माडिया-गोंडीची हीच गोष्ट आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असं लिहिलंय. पण कोलामी जाणणारा शिक्षक मला माझ्या नोकरीत एकदाही सहकारी म्हणून मिळालेला नाही.

या सगळ्याचा परिणाम वाचनावर होतो. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत 2024 साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या सुमारे 49 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना आला नाही. आणि हे आपल्यापुरतं नाही. जागतिक बँकेच्या 2019 च्या अंदाजाप्रमाणे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या 53 टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नव्हता. माझ्या चौथीत एक मुलगा होता, तो ‘बदक’ वाचायचा, ‘प्रकाश’वर थांबायचा. पण बापाच्या कापसाचे पैसे तो काट्यापाशी उभा राहून तोंडी सांगायचा, एक रुपयाही चुकत नसे. त्याला मंद कोण म्हणेल?

त्याच्यासाठी मी एक केलं, जे ‘प्रथम’ संस्था बऱ्याच वर्षांपासून करत आली आहे. सकाळचा पहिला पाऊण तास वर्ग मोडायचे. अक्षरं येणारी, शब्द येणारी, परिच्छेद वाचणारी असे तीन गट, इयत्ता कोणतीही असो. चौथीतलं पोरगं पहिलीतल्यांसोबत बसायला लाजतं, म्हणून त्याला कार्डं वाटायचं काम दिलं. वाटता वाटता तो स्वतःच शिकला. त्या वर्षी अक्षरांच्या गटातल्या सहापैकी चार मुलं मार्चपर्यंत परिच्छेदावर आली. दोन आली नाहीत, कारण ती संक्रांतीपर्यंत वेचणीतच होती.

इंग्रजी शाळेच्या व्हॅनबद्दलही विचारलं जाईल म्हणून लिहिते. ज्यांना परवडतं ते मुलांना तालुक्याला पाठवतात. मी त्यांना दोष देत नाही, माझ्या जोडीची जागा रिकामी असताना त्यांनी वाट का पाहावी? पण पट घटतो, मग पदं घटतात, आणि 2023 पासून 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा आहे. मोठ्या शाळेत वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळेल हे खरं. पण पोडावरचं सहा वर्षांचं मूल जुलैत नाला ओलांडून आमच्याच शाळेत येऊ शकत नाही, ते पाच किलोमीटरवर कसं जाणार? प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम अशाच लेकरांसाठी केलेला आहे.

मला कोणी विचारलं तर मी तीनच गोष्टी मागेन. जागा जूनमध्ये शाळा उघडण्याआधी भरा. चार-पाच शाळा मिळून कागदपत्रांसाठी एक कारकून द्या. आणि वेचणीच्या तीन महिन्यांत धाकट्यांना सांभाळायची सोय सरकारी खर्चाने करा, ताईच्या भरवशावर नको.

तुम्ही कधी इकडे आलात तर ऑगस्टमध्ये येऊ नका, तेव्हा वर्ग भरलेला असतो आणि सगळं छान दिसतं. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास या. आधी वर्गातली डोकी मोजा, मग माझ्यासोबत वावरात चला.