भाऊबंदकी नव्हे, कंपू!

प्रश्न असा आहे: एका विज्ञानकथेचा अनुवाद चालू आहे. तीत परग्रहावरच्या लढवय्यांचा एक गट आहे. दीक्षा घेतल्याशिवाय आत प्रवेश नाही, चारचौघांत मुखवटा उतरवायचा नाही, एकमेकांना भाऊ म्हणायचं आणि बाहेरच्याला काही कळू द्यायचं नाही. या 'वॉरिअर ब्रदरहूड'ला मराठीत काय म्हणावं? कुणीतरी 'परगृही योध्द्यांची भाऊबंदकी' असं सुचवलंय, ते चालेल का? आणि 'गुप्त' लिहावं की 'गूढ'?

सुचवणाऱ्यानं तीन शब्द वापरले आणि तिन्ही चुकवले.

भाऊबंदकीपासून सुरुवात करू, कारण 'ब्रदरहूड'साठी हा शब्द हल्ली वरचेवर कानावर येतो आणि दर वेळी डोकं उठतं. भाऊबंदकी म्हणजे भावाभावांतलं प्रेम नव्हे, भांडण. बांधावरून, वाटणीवरून, गादीवरून होणारं. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाला आणि संशयाचं बोट सख्ख्या चुलत्याकडे वळलं, ती भाऊबंदकी. तुमचे लढवय्ये एकमेकांसाठी जीव देणारे असतील आणि पहिल्याच पानावर त्यांची 'भाऊबंदकी' आली, तर कोण कुणाच्या वाट्याचा चंद्र दाबून बसलाय हे शोधतच मराठी वाचक पुढचं वाचणार. 'भावकी' म्हणावं तर तीही जन्मानं मिळते, दीक्षेनं नाही. दीक्षेनं जुळणाऱ्या नात्याला मराठीत तयार शब्द आहे: गुरुबंधू. हे लोक एकमेकांना हाक मारतील तेव्हा तो खुशाल वापरा.

'परगृही' म्हणजे दुसऱ्याच्या घरी. परगृही राहणारा योद्धा हा घरजावई झाला. आकाशातला तो ग्रह, 'ग्र'ला काना-मात्रा काही नाही. घर ते गृह, 'ग'ला ऋकार. गंमत अशी की संस्कृत वैयाकरण दोन्ही शब्द एकाच धातूकडे नेतात. ग्रह् म्हणजे पकडणं. माणसाला धरतो तो ग्रह, आणि घराच्या अर्थी तोच धातू वापरायची सोय पाणिनीनं 'गेहे कः' या सूत्रात करून ठेवली. पण म्हणून लेखनात अदलाबदल चालत नाही.

राहिला 'योध्दा'. ध आधी आणि द नंतर असं जोडाक्षर या शब्दात होऊच शकत नाही. युध् धातूला तृ प्रत्यय लागतो, ध् आणि त् शेजारी येतात, ध् आपला महाप्राण, म्हणजे आतला ह-कार, पुढच्याला देऊन स्वतः द् होतो, आणि त्-चा ध् होतो. म्हणून योद्धा. बुद्ध, युद्ध, शुद्ध, सिद्ध सगळे याच वाटेनं आले. टंकताना द, मग पायमोडणी, मग ध. सामान्यरूप योद्ध्या-, म्हणून योद्ध्याचा, योद्ध्यांनी.

आता मूळ मुद्दा. संघ, संघटना, मंडळ हे शब्द चुकीचे नाहीत, पण त्यांना वार्षिक सभेचा आणि खजिनदाराचा वास येतो. पंथ चालेल, पण पंथाला तत्त्वज्ञान लागतं, तलवार लागत नाही. बंधुसंघ बरा आहे, फक्त 'धु' ऱ्हस्व लिहा: सुटा 'बंधू' दीर्घ, समासात पूर्वपद झाला की मूळचा ऱ्हस्व. शिवाय तुमच्या परग्रहावर नर-मादी असा भेदच नसला, तर 'बंधू' पहिल्या प्रकरणातच अडचणीत येईल.

आखाडा हा मात्र तोलामोलाचा शब्द आहे. मूळ अक्षवाट, प्राकृतात अक्खाड, मग आखाडा. आधी कुस्तीची जागा, मग त्या जागेतली माणसं. दशनामी गोसाव्यांचे आखाडे अठराव्या शतकात खरोखर शस्त्र धरून लढले. दीक्षा, जुनं नाव टाकणं, आतली शिस्त, बाहेरच्याला मज्जाव, हे सगळं तिथे आहे. बहुतेक जाणकार तुम्हाला हाच शब्द देतील. द्यावा. माझी हरकत एवढीच की त्यातला साधू काही केल्या पुसला जात नाही. अवकाशयानातून उतरणारा आखाडा म्हटलं की मला तरी आधी भस्म दिसतं.

आणि म्हणून कंपू.

हसू नका. कंपू म्हणजे कचेरीतल्या चहाच्या वेळी कोपऱ्यात कुजबुजणारी चार टाळकी, हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडून देतो. कंपू हा मुळात फौजेचा शब्द आहे. द ब्वान्य या साव्हॉयच्या सेनानीनं १७८४ साली महादजी शिंद्यांची चाकरी धरली आणि त्यांच्यासाठी युरोपीय पद्धतीनं कवायत करणाऱ्या दोन पलटणी उभारल्या. त्या वाढत गेल्या आणि १७९० साली राजस्थानातल्या पाटण आणि मेडता इथल्या लढाया त्यांनी मारल्या. गोऱ्या अंमलदारांच्या हाताखालच्या अशा कवायती फौजेला कंपू म्हणत. ग्वाल्हेरात शिंद्यांच्या लष्करी वस्तीपैकी एका भागाचं नाव आजही कंपू आहे.

इथे कोशवाले घाई करतात. 'इंग्रजी कॅम्प' एवढं लिहून पुढचा शब्द घेतात. मग शेवटचा ऊ आला कुठून? आभाळातून? मराठीनं इंग्रजी कॅम्प जेव्हा खरोखर घेतला तेव्हा तो 'कॅम्प'च राहिला, त्याला कुणी ऊ चिकटवला नाही. पोर्तुगीज शब्द मात्र 'कांपो', आणि पोर्तुगीजात शब्दाच्या शेवटी आघात नसलेला ओ उ-सारखा उच्चारतात, आधीचा स्वर नाकातून जातो. तोंडानं म्हणून बघा: कांपु. अनुस्वारासकट कंपू हजर! 'ताबाकू'चा तंबाखू झाला त्यातही तोच ऊ आहे, वाटेत फारसीचा हात लागला असला तरी. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात 'इंग्रजी कॅम्पचा अपभ्रंश, किंवा अधिक नेमकं म्हणजे पोर्तुगीज कांपो' अशा अर्थाची नोंद केली. बरोबर उत्तर हातात असताना चुकीचं आधी छापायचं, ही कसली सभ्यता?

कुणी म्हणेल, तुरुंगही पोर्तुगीज 'त्रोंकू'वरून आला आणि हापूस 'अफोंसू'वरून, तिथे ऊ का नाही? तिथे तो गळला. असलेला स्वर गळणं ही रोजची गोष्ट आहे. नसलेला स्वर कुठून चिकटला, याचं स्पष्टीकरण 'कॅम्प'वाल्यांनी द्यायचं आहे.

आणखी मागे जा. कांपोचं मूळ लॅटिन 'कांपुस', म्हणजे मोकळं मैदान. त्या मैदानात उतरून लढणारा तो पुढे चँपियन झाला. जर्मनमधला लढाईवाचक 'काम्फ' तिथूनच निघाला. विद्यापीठाचा कॅम्पसही त्याच घरचा. म्हणजे कंपू, कॅम्प, कॅम्पस आणि चँपियन ही एका आजीची नातवंडं. आणि मैदानाचं नाव मैदानातल्या माणसांना चिकटलं, जसं आखाड्याचं झालं तसंच.

पलटणीचा कंपू कुजबुजणाऱ्या टोळक्यावर कसा घसरला, याबद्दल माझा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्या. या फौजेचा तळ वेगळा, पोशाख वेगळा, हुकूम परक्या भाषेत, आणि पगारासाठी मुलूख स्वतंत्र तोडून दिलेला, त्यामुळे इतरांची थकबाकी चालू असताना यांच्या हातात वेळेवर पैसे. जुन्या शिलेदारांना हे खुपणारच. 'ते कंपूवाले' या पाच अक्षरांत जी असूया बसली असेल, तीच आज 'कंपूबाजी'त उरली आहे. १८०३ मध्ये इंग्रजांशी झालेल्या असई आणि लासवारीच्या लढायांनंतर शिंद्यांची ती फौज संपली, शब्द बेकार झाला आणि मिळेल ते काम करू लागला. तुमच्या लढवय्यांचं वर्णन पुन्हा वाचा: वेगळा तळ, वेगळा वेष, आतली भाषा, बाहेरच्यांची चरफड. हा शब्द त्यांच्यासाठी दोनशे वर्षं रिकामा बसून होता.

वापरताना एक पथ्य आहे. शब्द निवडला की तो तीन तोंडांत घालून बघायचा. शत्रूच्या तोंडी: 'त्या कंपूतला एकही जिवंत सुटता कामा नये.' बसतो. बखरकाराच्या तोंडी: 'तिसऱ्या चंद्रावर कंपूचा तळ होता.' हेही बसतं. दीक्षा घेणाऱ्याच्या तोंडी: 'मी या कंपूशी एकनिष्ठ राहीन.' इथे आजचा अर्थ आडवा येतो आणि वाचक फिसकन हसतो. तेव्हा शपथेच्या प्रसंगी त्यांनी स्वतःला दिलेलं त्यांच्या भाषेतलं नाव तसंच ठेवा, निवेदनात आणि शत्रूच्या तोंडी कंपू. स्वतःला 'आम्ही गुप्त संघटना' म्हणणारी गुप्त संघटना तशीही कुठे नसते. शब्द पुल्लिंगी, अनेकवचनात बदलत नाही: एक कंपू, सात कंपू. विभक्तीतही ऊ दीर्घच: कंपूत, कंपूचा, कंपूंनी.

गुप्त-गूढ राहिलंच की. गूढ गुह् धातूचा, गुहा आणि गुह्य यांचा सख्खा. उकलत नाही ते गूढ. गुप्तच्या पोटात मात्र गुराखी आहे: गोपा म्हणजे गाई राखणारा, त्यावरून गोपायति म्हणजे राखण करतो, त्यातून लोकांनी गुप् असा धातू काढला आणि त्याचं गुप्त, राखलेला. म्हणून जे जाणूनबुजून राखलं जातं ते गुप्त. तुमचा कंपू गुप्त, त्यांची मुखवट्यामागची खाणाखुणांची भाषा गूढ. 'गुप्तकंपू' असं जोडून मात्र लिहू नका, संस्कृत आणि पोर्तुगीजचा तो समास कानाला टोचतो. दोन शब्द सुटे ठेवा.